सुरांची उसनवारी

वाद्यवृंदाच्या मैफलीस गेलेल्या श्रोत्याचे लक्ष प्रथम वाद्यांकडे जाते आणि मग संचालकाच्या हातातील छडीकडे. वादकांपुढील घोड्यांवर जे कागद पसरलेले असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक त्या रात्रीची सारी मैफल त्या कागदांच्या आधारावर उभी असते. ते कागद कोणी मिळविले, कोणी लावले आणि कार्यक्रम संपल्यावर ते कोठे जातात, या प्रश्नांचे उत्तर ज्या खोलीत मिळते, त्या खोलीची ओळख आज या सदरात वाचकांस करून द्यावयाची आहे. ती खोली म्हणजे वाद्यवृंदाचे स्वरलेखांचे ग्रंथालय.

आपल्या संगीतात वाढलेल्या माणसास ग्रंथालय आणि मैफल यांचा संबंध लवकर ध्यानात येत नाही, आणि त्याला कारणही आहे. आपली विद्या गुरुमुखातून आलेली. गवयापुढे कागद असत नाही. बंदीश त्याच्या कंठात असते आणि रागविस्तार त्या त्या वेळच्या स्फूर्तीवर चालतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्या क्रमिक पुस्तकमालिकेत स्वरलिपीसह छापल्या, हे त्यांचे उपकार थोर खरेच. तथापि तेथेही लेखन हे स्मरणास साहाय्य म्हणून आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची गोष्ट निराळी. तेथे पन्नास-साठ माणसे एकाच वेळी निरनिराळे स्वर वाजवितात. कोणी कोणता स्वर, किती काळ, किती जोराने वाजवावयाचा, हे रचनाकाराने आधी लिहून ठेवलेले असते. म्हणून तेथे कागद हरवला की स्वर हरवला, असेच समजावे.

हे किती खरे आहे, ते एका उदाहरणावरून पाहू. बेटोव्हेनची पाचवी सिंफनी 1808 सालच्या डिसेंबरात व्हिएन्ना येथे प्रथम वाजविली गेली. तिचे नाव बहुतेक वाचकांनी ऐकलेले असेल. ती वाजवावयाची तर संचालकापुढे सर्व वाद्यांचे स्वर एकाखाली एक मांडलेले मोठे पुस्तक लागते. त्यास स्कोअर म्हणतात. वादकांपुढे मात्र हे पुस्तक नसते. प्रत्येकास केवळ त्याच्या वाद्याचे स्वर उतरविलेली निराळी वही मिळते. तिला पार्ट असे म्हणतात. या सिंफनीस फुंकीची वाद्ये आणि टिंपनी हे नगारे मिळून अठरा वादक लागतात, तेव्हा अठरा पार्ट झाले. तंतुवाद्यांत दोघे वादक एका घोडीवर बसतात. बारा पहिली व्हायोलिने, दहा दुसरी, आठ व्हिओला, आठ चेलो आणि चार डबल बास असा मध्यम संच धरला, तर त्यांस एकवीस पार्ट लागतील. संचालकाचा स्कोअर मिळवून एकूण चाळीस वह्या झाल्या. एका संध्याकाळी अशा तीन रचना वाजवावयाच्या असतील, तर शंभरावर वह्या वेळेवर, योग्य घोडीवर आणि योग्य क्रमाने लागलेल्या असाव्या लागतात.

यांतील एखादी वही नसली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. याच सिंफनीतील ट्रॉम्बोनवादकाकडे पाहा. पहिले तीन भाग संपेपर्यंत त्याला एकही स्वर वाजवावयाचा नसतो. तो वाद्य मांडीवर घेऊन स्वस्थ बसलेला असतो. परंतु चौथा भाग सुरू होताच ट्रॉम्बोन एकदम निनादतात आणि अंधारातून उजेडात आल्यासारखे सारे सभागृह उजळते. ती वही त्या रात्री ग्रंथालयाच्या कपाटातच राहिली असती, तर बाकीच्या सर्वांची मेहनत त्या एका क्षणी फिकी पडली असती. वहीची किंमत तिच्यात लिहिलेल्या स्वरांच्या संख्येवर ठरत नाही, हे संगीत-ग्रंथपालाचे पहिले सूत्र होय.

या ग्रंथपालाचे काम पुस्तके देण्याघेण्याइतके सोपे नाही. सर्व व्हायोलिनांचे गज एकदम वर आणि एकदम खाली गेलेले पाहून श्रोत्यास कौतुक वाटते. ती किमया आपोआप घडत नाही. गज कोठे खाली ओढावयाचा आणि कोठे वर न्यावयाचा, हे व्हायोलिनांचा मुख्य वादक आपल्या प्रतीवर खुणांनी लिहून देतो. मग ग्रंथपाल त्या खुणा शिसपेन्सिलीने इतर प्रतींवर एकेक करून उतरवितो. शिसपेन्सिल अशासाठी, की पुढल्या वर्षी दुसरा संचालक आला आणि त्याचे मत निराळे पडले, तर जुन्या खुणा पुसता याव्यात. शाईस येथे सक्त मनाई असते. पान उलटण्याच्या जागी वादकाचा हात मोकळा आहे की नाही, तेही ग्रंथपालासच पाहावे लागते. सरावात संचालक ‘बी या अक्षरापासून पुन्हा’ असे म्हणतो. त्या वेळी निम्म्या वह्या एका आवृत्तीच्या आणि निम्म्या दुसऱ्या आवृत्तीच्या असल्या, तर अक्षरे जुळत नाहीत आणि दहा मिनिटे गोंधळात जातात. असा गोंधळ झाला नाही, म्हणजे ग्रंथपालाने आपले काम चोख केले असे समजावे. त्याच्यासाठी टाळ्या मात्र वाजत नाहीत.

मोठ्या शहरांतील नामांकित वाद्यवृंदांस पगारी ग्रंथपाल ठेवणे परवडते. परंतु युरोप-अमेरिकेत पेठापेठांतून आणि लहान गावांतून हौशी वाद्यवृंद असतात. दिवसा कोणी शाळेत शिकवितो, कोणी कचेरीत हिशेब लिहितो, कोणी रुग्ण तपासतो, आणि आठवड्यातील एका संध्याकाळी सारे सराव करावयास जमतात. आपल्याकडील भजनी मंडळाचाच हा दूरचा भाऊ म्हणावयास हरकत नाही. अशा मंडळींची मुख्य अडचण पैशाची. जुन्या रचनांचे पार्ट विकत मिळतात, पण एकेका रचनेच्या तीस-चाळीस वह्या घ्यावयाच्या म्हणजे वर्षाची वर्गणी त्यातच जाते. नव्या रचनांपैकी पुष्कळ तर विकत मिळतच नाहीत. प्रकाशक त्या ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देतात आणि वही हरवली की भरपाई मागतात. त्यामुळे घरातील कपाटात जे असेल, तेच पुनःपुन्हा वाजवावयाची पाळी येते. ग्रंथालय तोकडे, तर संगीतही तोकडे.

या अडचणीवर एका माणसाने जो उपाय काढला, त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एड्विन फ्लायशर या नावाचे एक गृहस्थ होते. जन्म 1877 सालचा. घराण्याचा व्यवसाय लोकरीच्या सुताचा. त्यांचे बंधू सॅम्युएल यांनी 1898 साली गोरगरिबांच्या मुलांसाठी विनामूल्य चित्रकलेचे वर्ग काढले होते. एड्विन स्वतः व्हिओला वाजवीत. त्यांनी 1909 साली ‘सिंफनी क्लब’ नावाची संस्था स्थापिली. ज्या तरुणांस वाद्यवृंदात वाजविण्याचा सराव हवा असेल, त्यांनी येथे यावे आणि शिकावे, मुलगा-मुलगी किंवा गोरा-काळा हा भेद पाहिला जाणार नाही, असा या संस्थेचा बाणा होता. त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट सामान्य नव्हती.

शिकणाऱ्यांस रोज नव्या रचना वाचावयास मिळाल्या पाहिजेत, एवढ्यासाठी फ्लायशर यांनी स्वरलेख विकत घेण्यास आरंभ केला. मनुष्य हौशी, हाती पैसा, आणि उद्देश निर्मळ. युरोपातील प्रकाशकांकडून स्कोअर आणि त्यासोबत सर्व पार्ट असे पूर्ण संच ते मागवीत गेले. पाहता पाहता संग्रह इतका वाढला, की एका क्लबाच्या कपाटांत तो मावेना. येथे त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक, संग्रह आपल्या नावाने कुलूपबंद ठेवून त्याचा अभिमान बाळगणे. दुसरा, तो सर्वांस खुला करणे. त्यांनी 1929 साली सारा संग्रह फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयास, म्हणजे ‘फ्री लायब्ररी’ या संस्थेस, देऊन टाकला. तेथे तो केवळ पाहावयास ठेवला गेला नाही. वाद्यवृंदांनी वह्या न्याव्यात, वाजवाव्यात आणि परत कराव्यात, अशी व्यवस्था झाली. फ्लायशर 1959 साली वारले. पण ही उसनवारी चालूच राहिली. आज त्या संग्रहात वीस हजारांहून अधिक रचना आहेत आणि वाद्यवृंदांस वाजविण्यासाठी उसने देणारे ते जगातील सर्वांत मोठे ग्रंथालय गणले जाते.

या कथेत सरकारचाही एक वाटा आहे, आणि तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 1929 नंतर अमेरिकेत भयंकर मंदी आली. कारखाने बंद पडले, तसे वादकांचेही पोट हातावर आले. नाटकगृहांतून मूकपटांस साथ करणाऱ्या वादकांची नोकरी तर बोलपटांनी आधीच हिरावून घेतली होती. तेव्हा सरकारने बेकारांस काम देण्याच्या ज्या योजना काढल्या, त्यांत रस्ते आणि पूल यांच्या जोडीला स्वरलेखनाचेही काम होते. फिलाडेल्फियाच्या या ग्रंथालयात बेकार वादकांस आणि लेखनिकांस बसवून, अमेरिकन रचनाकारांच्या अप्रकाशित हस्तलिखितांवरून स्कोअर आणि पार्ट सुवाच्य अक्षरात उतरवून घेण्यात आले. 1934 पासून 1943 पर्यंत हे काम चालले. ज्या रचना छापावयास कोणी प्रकाशक तयार नव्हता, त्या वाजविण्याजोग्या झाल्या. आणि ज्या हातांस काम नव्हते, त्यांस आपल्याच विद्येचे काम मिळाले. 1941 साली संगीतज्ञ निकोलस स्लोनिम्स्की यांस दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील देशांत पाठवून तेथील रचनाही या संग्रहासाठी मिळविण्यात आल्या.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मनात येईल. त्याचे उत्तर संगीताच्या इतिहासातच आहे. रशियन रचनाकार रखमानिनॉव्ह याची पहिली सिंफनी 1897 साली सेंट पीटर्सबर्ग येथे वाजविली गेली आणि साफ पडली. तो तरुण इतका खचला, की त्याने ती पुन्हा कोणास वाजवू दिली नाही. पुढे क्रांतीच्या धामधुमीत तो देश सोडून गेला आणि मूळ स्कोअर नाहीसा झाला. 1943 साली तो परदेशी वारला. त्यानंतर थोड्याच काळाने लेनिनग्राडच्या संगीतविद्यालयाच्या संग्रहात त्या पहिल्या प्रयोगाचे पार्ट सापडले. निरनिराळ्या वाद्यांच्या त्या वह्या एकाखाली एक मांडून संपूर्ण स्कोअर पुन्हा सिद्ध करण्यात आला आणि 1945 साली मॉस्को येथे ती सिंफनी पुन्हा ऐकू आली. पडलेल्या प्रयोगाच्या वह्या म्हणून कोणी त्या रद्दीत घातल्या असत्या, तर आज ही रचना केवळ नावाने उरली असती.

दुसरी गोष्ट हायडनची. त्याने तरुणपणी लिहिलेला चेलोचा एक काँचेर्टो सुमारे दोनशे वर्षे गहाळ समजला जात होता. 1961 साली प्राग येथील राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या सरदारी घराण्यांकडून आलेल्या कागदांत त्याचे पार्ट मिळाले. पुढल्याच वर्षी तो वाजविला गेला, आणि आज जगभरचे चेलोवादक तो शिकतात. शतकांपूर्वी कोणा सरदाराच्या पदरी असलेल्या लेखनिकाने प्रामाणिकपणे उतरविलेल्या वह्यांनी हे ऋण फेडले.

तिसरी गोष्ट मन खिन्न करणारी आहे. फ्लोरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईंची पहिली सिंफनी 1933 साली शिकागोच्या प्रख्यात वाद्यवृंदाने वाजविली. कृष्णवर्णीय स्त्रीने रचलेली सिंफनी अमेरिकेच्या एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाने वाजविण्याचा तो पहिला प्रसंग होता. 1953 साली बाई वारल्या आणि त्यांच्या कित्येक रचना विस्मृतीत गेल्या. 2009 साली इलिनॉय राज्यातील एका खेड्यात, त्या पूर्वी जेथे उन्हाळ्यात राहत त्या ओसाड, मोडकळीस आलेल्या घरात, हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. त्यांत दोन व्हायोलिन काँचेर्टो आणि चौथी सिंफनी होती. छपरातून पाणी गळत होते; आणखी काही पावसाळे गेले असते, तर ते सूर मातीत मिसळले असते. ज्या रचनांस ग्रंथालयाचे छप्पर मिळत नाही, त्यांचे भवितव्य असे नशिबावर लोंबकळत राहते.

आपल्या देशाचा या विषयाशी संबंध नाही, असे मात्र नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपी वाचावयास शिकविण्याची परंपरा पोर्तुगीज अमदानीपासून चालत आली. त्या शाळांत तयार झालेले वादक मुंबई-कलकत्त्याच्या बँडांत, हॉटेलांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. संगीतकाराने पेटीवर म्हणून दाखविलेल्या चालीस वाद्यमेळाचे रूप देऊन ती कागदावर पार्ट-पार्टाने मांडण्याचे काम अनेकदा या गोवेकर मंडळींनी केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील काही नावे. कलकत्त्यास 1915 साली ‘कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक’ निघाले; मुंबईत 1935 साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. हेच मेहली मेहता 1959 साली एका नामांकित तंतुवाद्य-चौकडीत वाजविण्यासाठी फिलाडेल्फियास गेले, आणि पुढे 1964 साली लॉस एंजेलिस येथे त्यांनी तरुणांसाठी एक वाद्यवृंद स्थापिला. तरुणांस मोठ्या रचना प्रत्यक्ष वाजवावयास मिळाव्यात, ही फ्लायशर यांची तळमळ या पारशी गृहस्थाच्या ठायीही होती. मुंबईच्या राष्ट्रीय प्रयोग-कला केंद्रात 2006 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा या परंपरेस नवे घर मिळाले.

आता संगणकाचा काळ आला आहे. 2006 साली निघालेल्या एका जागतिक संगीतसंग्रहावरून, स्वामित्वाची मुदत संपलेल्या असंख्य रचना घरबसल्या उतरवून घेता येतात. लहान वाद्यवृंदांस हे वरदानच आहे. तथापि दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली कायद्याची. आपल्या देशात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत स्वामित्व टिकते; युरोपात ही मुदत सत्तर वर्षांची आहे. तेव्हा मिळते म्हणून वाटेल त्या वहीच्या प्रती काढणे म्हणजे रचनाकाराच्या घासातला घास काढणे होय. दुसरी गोष्ट अशी, की पडद्यावरचे पान उतरविणारा यंत्राचा उपयोग जाणतो, परंतु गजाच्या खुणा, पान उलटण्याची सोय, आवृत्त्यांचा मेळ हे सारे आजही जाणत्या माणसासच पाहावे लागते. कागद स्वस्त झाला. काळजी स्वस्त झालेली नाही.

आपण सामान्य कुटुंबातील माणसे यातून काय घ्यावे? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वाद्यवृंद नसेल; पण आजोबांची बंदिशींची वही असेल, आजीने लिहून ठेवलेल्या ओव्या असतील, भजनी मंडळाची पदांची चोपडी असेल, एखाद्या गोवेकर घरी पेटाऱ्यात जुने पार्ट असतील. त्यांची निगा राखणे खर्चाचे नाही. कागद आडवे, कोरड्या जागी ठेवावेत. पावसाळ्यानंतर कपाट उघडून हवा द्यावी. टाचण्या गंजतात आणि रबरी पट्ट्या चिकटून बसतात, म्हणून दोन्ही काढून टाकाव्यात. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरही खाते. वहीवर कोणाची, कोणत्या गावची, कोणाकडून शिकलेली, एवढे पेन्सिलीने लिहून ठेवावे. मंडळाची वही असेल, तर कोणी नेली आणि केव्हा परत केली याची नोंद ठेवावी. आणि मुख्य म्हणजे, जो गाणार-वाजविणार असेल, त्याला ती द्यावी.

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणणे आणि सवडीने ती परत करणे, हा आपल्या घरांचा जुना व्यवहार आहे. त्यात वाटी रिकामी परत जात नाही, हाही संकेत आहे. फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयातून एखादी वही दूरच्या गावी जाते, तेथील शिक्षक आणि कारकून ती वाजवितात, आणि वही परत येते. ती येते तेव्हा तिच्यातील एकही स्वर कमी झालेला नसतो. मात्र एका गावाने तो ऐकलेला असतो. कपाटात बंद राहिलेली वही सुरक्षित असेल. परंतु संगीत ती पुन्हा घोडीवर उघडली जाते तेव्हाच होते. ती वेळेवर उघडता यावी म्हणून मागच्या खोलीत जो माणूस पेन्सिल घेऊन वाकलेला असतो, त्याच्याही वाट्याला पुढल्या मैफलीत आपल्या टाळ्यांतील चार टाळ्या जाऊ द्याव्यात.